धान्याची कोठारं बांधणारा मंत्री: सी. डी. हाऊ

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारे गृहस्थ इंजिनिअर आहेत, स्वतःचा छोटा कारखाना चालवतात आणि आसपासची मंडळी त्यांना ‘आता राजकारणात या’ म्हणून गळ घालताहेत. त्यांना जाणून घ्यायचंय की इंजिनिअर आणि उद्योजक असलेला माणूस निवडून येऊन सरकारात गेला आणि त्याने खरंच काही उभं करून दाखवलं, असं उदाहरण आहे का? आणि अशी माणसं शेवटी हरतात ती कशामुळे?

आपल्याकडे हा विषय निघाला की पहिलं नाव विश्वेश्वरय्यांचं येतं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकलेले, मुंबई इलाख्यात वर्षानुवर्षं नोकरी केलेले विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण झाले. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण दिवाणाला महाराज नेमतात. त्याला दारोदार मतं मागत फिरावं लागत नाही आणि विरोधी बाकांवरच्या माणसाला उत्तरही द्यावं लागत नाही. तुमचा प्रश्न निवडून येण्याचा आहे, म्हणून मी वेगळं नाव सांगतो: कॅनडाचे क्लॅरन्स डेकाटर हाऊ. तिथे सगळे त्यांना सी. डी. म्हणत. १९३५ ते १९५७ अशी सलग बावीस वर्षं ते केंद्रात मंत्री होते. पंतप्रधान मॅकेन्झी किंग गेले, लुई सेंट लॉराँ आले, हाऊ मात्र तिथेच राहिले. कॅनडात त्यांना ‘सगळ्याच खात्यांचे मंत्री’ असं म्हटलं जायचं.

माझं आयुष्य सायलोंच्या, म्हणजे सुटा माल साठवायच्या उंच कोठ्यांच्या, बांधकामात गेलं. सिमेंटचे, साखरेचे, धान्याचे, सगळे केले. या धंद्यातल्या जुन्या कामांचा अभ्यास करायला बसलं की कॅनडा-अमेरिका सीमेवरच्या सुपीरियर सरोवराकाठची काँक्रीटची धान्यकोठारं आडवी येतातच आणि त्यांच्यासोबत हाऊ हे नावही. त्यांचं राजकारण समजून घ्यायचं तर आधी ही कोठारं समजून घ्यावी लागतात, असं माझं मत आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

हाऊ जन्माने अमेरिकन. १८८६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावात जन्म, वडील घरं बांधणारे. १९०७ साली एमआयटी या तिथल्या नामांकित तंत्रशिक्षण संस्थेतून पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात सिव्हिलचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. १९१३ मध्ये कॅनडाच्या धान्य आयोगाला मुख्य अभियंता हवा होता. आयोगाचे अध्यक्ष डलहौसीतलेच जुने सहकारी, त्यांनी हाऊंना बोलावलं. अशा रीतीने हा समुद्राकाठचा प्राध्यापक देशाच्या मधोमध, सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाला येऊन पडला. तिथे फोर्ट विल्यम आणि पोर्ट आर्थर अशी दोन जुळी गावं होती. १९७० मध्ये ती एक झाली आणि आज त्यांना थंडर बे म्हणतात.

त्या जागेचं महत्त्व असं. मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टा या प्रेअरी प्रांतांत गहू पिकतो. कापणी ऑगस्ट-सप्टेंबरात. तो शेकडो मैल रेल्वेने सरोवरापर्यंत आणायचा, तिथून जहाजात भरायचा आणि पूर्वेला, पुढे युरोपला धाडायचा. पण डिसेंबरात सरोवरांमधली वाहतूक बर्फामुळे बंद पडते. म्हणजे अवघ्या तीनेक महिन्यांत सगळ्या देशाचा गहू एका चिंचोळ्या तोंडातून बाहेर काढायचा, आणि जो राहिला तो वसंतापर्यंत कोरडा, उंदीर-किडीपासून सांभाळून ठेवायचा. त्यासाठी नुसतं गोदाम पुरत नाही. वॅगन आली की रिकामी झाली पाहिजे, धान्य बकेट एलिव्हेटरने, म्हणजे पट्ट्यावरच्या बादल्यांतून, वर गेलं पाहिजे, वजन झालं पाहिजे, प्रतवारीप्रमाणे वेगवेगळ्या उभ्या कोठ्यांत पडलं पाहिजे आणि जहाज लागलं की त्याच वेगाने खाली आलं पाहिजे. एक वॅगन अडली की मागे सगळी रांग अडते. हाऊंनी पुढे वॅगन धरून तिरपी करून रिकामी करणारं यंत्र आणलं, त्याने वेळ आणि माणसं दोन्ही वाचली.

आता कोठीविषयी. पाण्याच्या टाकीत खोलीबरोबर दाब वाढत जातो, धान्याच्या कोठीत तसं होत नाही. धान्य भिंतीला घासतं, आपलं बरंचसं वजन भिंतीवर टाकतं आणि ठरावीक खोलीनंतर आडवा दाब जवळजवळ वाढायचा थांबतो. हे गणित जर्मन इंजिनिअर यान्सेन यांनी १८९५ मध्ये मांडलं आणि सायलोचं डिझाइन करणारा प्रत्येक जण आजही तिथूनच सुरुवात करतो. मग भिंतीवर आलेलं हे सगळं वजन जातं कुठे? कोठाराच्या पायात. हाऊ कॅनडाच्या मध्यभागी आले त्याच वर्षी, ऑक्टोबर १९१३ मध्ये, विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथलं दहा लाख बुशेल (बुशेल हे तिकडचं धान्याचं माप) क्षमतेचं नवंकोरं कोठार भरता भरता एका बाजूला कलू लागलं आणि एका दिवसात सुमारे २७ अंश कललं. काँक्रीटला फारसं काही झालं नाही. खालची चिकणमाती दबून बाजूला सरकली होती. नंतर खालून पाया घेऊन ते सरळ केलं गेलं. जमिनीचं शास्त्र शिकवताना हे उदाहरण जगभर देतात. या धंद्यात चूक लपत नाही, आणि त्या पिढीतल्या प्रत्येक कोठार बांधणाऱ्याने ते कललेलं कोठार डोळ्यांपुढे ठेवूनच काम केलं असणार.

त्या काळातली उत्तर अमेरिकेतली काँक्रीटची कोठारं बहुतेक स्लिपफॉर्म पद्धतीने उभी राहिली. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, पूर्ण उंचीचं नसतं, जेमतेम सव्वा मीटरचं कडं असतं. ते जॅकवर चढवलेलं असतं. वरून काँक्रीट पडत राहतं, सळ्या बांधल्या जात राहतात आणि कडं तासाला वीस-पंचवीस सेंटीमीटरने वर सरकत राहतं, दिवस-रात्र. आज जॅक हायड्रॉलिक असतात, तेव्हा माणसं स्क्रू जॅक हाताने फिरवायची. चंद्रपूरकडच्या एका सिमेंट कारखान्याच्या सायलोवर आमचे मुकादम कड्याखालच्या लोंबत्या फळीवर उभे राहून नुकत्याच बाहेर आलेल्या भिंतीवर अंगठा दाबून बघत. ठसा पुसट उमटला तर ठीक. अंगठा रुतला तर वेग कमी करा, नाहीतर भिंत ढासळेल. अजिबात उमटला नाही तर वेग वाढवा, नाहीतर कडं काँक्रीटला धरून ओढेल आणि आडव्या भेगा पडतील. आणि थांबलात तर संपलं, तिथे जुन्या-नव्या काँक्रीटचा सांधा पडतो, तो कायमचा कच्चा राहतो. म्हणून स्लिपफॉर्म सुरू व्हायच्या आधी काय वाद घालायचा तो घाला, भोंगा झाला की कोणाचं ऐकायचं नाही, हा साइटचा नियम.

हाऊ याच शिस्तीत घडले. १९१६ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडून पोर्ट आर्थरला स्वतःची कंपनी काढली. पहिलंच मोठं काम सस्कॅचेवानच्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचं कोठार. डिसेंबर १९१६ मध्ये सरोवरावरून आलेल्या वादळाने अर्धवट बांधकाम उद्ध्वस्त केलं. नव्या कंपनीसाठी हे दिवाळं होतं. हाऊंनी काम सोडलं नाही. कर्ज काढून, तोटा सोसून कोठार पुरं केलं. पुढच्या हंगामाचा गहू त्यात भरला गेला. कराराप्रमाणे भरपाई द्यायची बांधिलकी नसतानाही सहकारी संस्थेने मग त्यांचं नुकसान भरून दिलं. मला हा प्रसंग त्यांच्या चरित्रातला सगळ्यात मोलाचा वाटतो. शेतकऱ्याने इंजिनिअरवर टाकलेला विश्वास आणि इंजिनिअरने शेतकऱ्याला दिलेला शब्द, दोन्ही तिथे खरे उतरले. चाळीस वर्षांनी याच प्रेअरीतल्या शेतकऱ्यांनी त्यांच्या पक्षाकडे पाठ फिरवली, ते पुढे येईलच.

विसाच्या दशकात धंदा भरभराटीला आला. मग मंदी आली, गव्हाचे भाव कोसळले आणि कोठारं बांधायला कोणी उरलं नाही. अर्जेंटिनाच्या सरकारला धान्यकोठारांची योजना करून द्यायचं काम मिळालं, पण घरचा बाजार ओस पडला होता. याच सुमारास लिबरल पक्षाने त्यांना विचारलं. ऑक्टोबर १९३५ च्या निवडणुकीत पोर्ट आर्थरमधून ते निवडून आले आणि पहिल्याच दिवसापासून मंत्री झाले. आधी ना नगरसेवक, ना साधे खासदार. मागच्या बाकावर बसून दुसऱ्याचं भाषण ऐकण्याची वर्षं त्यांच्या वाट्याला आलीच नाहीत. माझ्या मते पुढच्या बऱ्याच गोष्टींचं मूळ इथे आहे.

रेल्वे आणि नौवहन ही दोन खाती एकत्र करून त्यांनी १९३६ मध्ये परिवहन खातं बनवलं, बंदरांचा कारभार एका मंडळाखाली आणला. १९३७ मध्ये ट्रान्स-कॅनडा एअर लाइन्स ही सरकारी विमान कंपनी काढली, तीच आजची एअर कॅनडा. खासगी रेल्वे कंपनीलाही भागीदार करून घ्यायचा त्यांचा विचार होता, ती मागे हटली तेव्हा सरकारी रेल्वेच्या पंखाखाली कंपनी काढून मोकळे झाले. त्याच वर्षी ३० जुलैला ते स्वतः छोट्या लॉकहीड विमानात बसून माँट्रियलहून व्हँकूव्हरला एका दिवसात पोचले. हवा वाईट होती, पण मंत्रीमहोदयांनी ठरवलं होतं.

मग दुसरं महायुद्ध. एप्रिल १९४० मध्ये शस्त्रनिर्मिती आणि पुरवठा हे नवं खातं सुरू झालं आणि ते हाऊंकडे आलं. पुढची पाच वर्षं म्हणजे तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर आहे. कॅनडा तेव्हा मुख्यतः गहू, लाकूड आणि खनिज विकणारा देश. मोटारी बनायच्या, पण विमानं, तोफा, रडार यांचा उद्योग नसल्यातच जमा. हाऊंनी देशभरातले कारखानदार आणि व्यवस्थापक बोलावून घेतले. पगार बहुतेकांना त्यांच्या कंपन्याच देत राहिल्या, सरकारकडून नाममात्र वर्षाला एक डॉलर. त्यांना काम सांगायचं, अधिकार द्यायचे आणि मध्ये पडायचं नाही, ही पद्धत. जिथे खासगी कंपनी पुढे येत नव्हती तिथे सरकारी कंपनी काढायची. युद्धाच्या काळात अशा २८ कंपन्या काढल्या. जपानने आग्नेय आशिया घेतल्यावर रबर बंद झालं, तर ऑन्टारिओतल्या सार्निया इथे पॉलिमर कॉर्पोरेशन काढून कृत्रिम रबराचा कारखाना उभा केला आणि सप्टेंबर १९४३ मध्ये रबर बाहेरही पडलं. टोरोंटोजवळच्या माल्टनचा विमान कारखाना नीट चालेना, तर १९४२ मध्ये सरकारने ताब्यात घेतला आणि तिथे लँकेस्टर जातीची ४३० बॉम्बफेकी विमानं बनली. युद्ध संपेपर्यंत त्या देशाने आठ लाखांहून अधिक लष्करी वाहनं आणि सुमारे १६ हजार विमानं तयार केली. तेव्हा कॅनडाची लोकसंख्या होती सव्वा कोटीच्या आसपास.

धाडसाबद्दल शंका नको. डिसेंबर १९४० मध्ये ब्रिटनला नेमकं काय हवंय हे समक्ष विचारायला ते ‘वेस्टर्न प्रिन्स’ या जहाजाने निघाले. १४ डिसेंबरला, ब्रिटनच्या वाटेवर असताना, जर्मन पाणबुडीने ते बुडवलं. हाऊ आणि त्यांचे सहकारी उत्तर अटलांटिकच्या थंडीत सुमारे आठ तास होडीत होते. त्यांच्यासोबतचे गॉर्डन स्कॉट त्यात गेले. हाऊ लंडनला पोचले आणि बैठका सुरू केल्या.

पण याच काळात दुसरी बाजूही दिसते आणि ती तुम्ही वाचायलाच हवी. जुलै १९४१ मध्ये क्वेबेकमधल्या आर्व्हिडा इथल्या ॲल्युमिनियम कारखान्यात कामगारांनी काम थांबवलं. हाऊंनी यामागे शत्रूचे हस्तक, घातपात आहे असं जाहीर केलं. चौकशी आयोग बसला, त्याला तसं काही आढळलं नाही. उकाडा, पगार आणि कामाची परिस्थिती यांवरचा साधा असंतोष होता. काम थांबवणारा माणूस म्हणजे काम बिघडवणारा माणूस, हे समीकरण साइटवरच्या बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. कारखान्याचा मालक तसं मनात म्हणाला तर नुकसान त्याच्यापुरतं. मंत्री म्हणाला तर कामगारांची एक अख्खी वस्ती देशद्रोही ठरते.

युद्धानंतर हाऊंकडे पुनर्बांधणी खातं आलं. लाखो सैनिक परतणार, शस्त्रांचे कारखाने बंद होणार, मंदी पुन्हा येणार अशी धास्ती होती. त्यांनी करात घसाऱ्याची, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटीची, घसघशीत सवलत देऊन कारखानदारांना नव्या यंत्रांत पैसे घालायला लावले आणि सरकारी कारखाने भराभर विकले. मंदी आली नाही. आपल्याकडच्या सरकारी उद्योगांच्या चर्चेत हा भाग कोणी सांगत नाही. अठ्ठावीस सरकारी कंपन्या काढणारा हा माणूस मनाने पुरता खासगी उद्योगाचा होता आणि कंपनीची गरज संपली की ती सोडून देताना त्याला जराही जड जात नसे. पॉलिमर मात्र ठेवली, कारण ती चांगली चालत होती.

मुंबईकरांना जवळचा एक धागा इथे आहे. युद्धात अणुसंशोधनाचं खातंही हाऊंकडेच होतं. युरेनियमची एल्डोराडो कंपनी त्यांनी आधी गुपचूप शेअर घेऊन आणि जानेवारी १९४४ मध्ये उघडपणे सरकारी मालकीची केली. त्यातूनच चॉक रिव्हरचं संशोधन केंद्र उभं राहिलं आणि जुलै १९४७ मध्ये तिथली एनआरएक्स अणुभट्टी सुरू झाली. त्याच धर्तीवरची अणुभट्टी कोलंबो योजनेतून, म्हणजे आशियाई देशांना मदत करायच्या राष्ट्रकुलाच्या योजनेतून, कॅनडाने भारताला दिली. करार १९५६ चा, तेव्हा हाऊ व्यापारमंत्री होते. ती म्हणजे तुर्भ्याची सायरस. १० जुलै १९६० ला सुरू झाली आणि २०१० च्या अखेरीला बंद झाली. १९७४ च्या पोखरण चाचणीतलं प्लुटोनियम तिच्यातलंच. त्यावरून कॅनडाशी झालेला बेबनाव हा वेगळा विषय आहे.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. हाऊ यांची सगळी ताकद एका सवयीत होती: निर्णय झाला की काम थांबवायचं नाही. युद्धात तिच्यावर देश उभा राहिला. शांततेत तीच अंगाशी आली. संसदेतली चर्चा त्यांना काम सुरू होण्याआधीचा उशीर वाटायची. ज्यांनी मत दिलं नाही त्या लोकांनाही आपलं म्हणणं मांडलं गेलं असं वाटावं, यासाठीच तो वेळ असतो, हे त्यांना मनापासून पटलंच नाही.

खुणा आधीपासून होत्या. १९४५ मध्ये युद्धखर्चाच्या चर्चेत विरोधकांनी काटकसरीचा मुद्दा काढला तेव्हा हाऊ अशा अर्थाचं बोलले की एवढ्या मोठ्या रकमेतून दहा लाख डॉलर कापले तरी फारसा फरक पडणार नाही. हिशोब बरोबर होता. पण विरोधी बाकांवर कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे जॉन डीफेनबेकर बसले होते, पुढे १९५७ मध्ये पंतप्रधान झालेले. त्यांनी त्याचं ‘दहा लाख म्हणजे काय मोठं?’ असं सुटसुटीत वाक्य केलं आणि वर्षानुवर्षं वापरलं. १९५५ मध्ये संरक्षण उत्पादन कायद्यातले आपले असाधारण अधिकार कायमचे करावेत असं विधेयक हाऊंनी आणलं. विरोधकांनी आठवडेच्या आठवडे बोलत राहून ते अडवलं. शेवटी हाऊ मासेमारीसाठी गावाबाहेर गेले असताना पंतप्रधान सेंट लॉराँ यांनी विरोधी पक्षनेते जॉर्ज ड्रू यांच्याशी बोलून मुदतीची अट मान्य केली. हाऊ परतले ते चिडूनच. हा इशारा होता. तो त्यांनी घेतला नाही.

पुढच्याच वर्षी नैसर्गिक वायूच्या नळाचं प्रकरण झालं. अल्बर्टाचा वायू ऑन्टारिओ आणि क्वेबेकला न्यायचा, तोही अमेरिकेतून न नेता सगळा कॅनडातून, असा हाऊंचा आग्रह. उत्तर ऑन्टारिओत नुसता खडक आणि दलदल, तो टप्पा कोणत्याच कंपनीला परवडेना. तोडगा असा की तो टप्पा सरकारी कंपनीने बांधायचा आणि पश्चिमेकडच्या टप्प्यासाठी ट्रान्स-कॅनडा पाइप लाइन्स या कंपनीला आठ कोटी डॉलरपर्यंत कर्ज द्यायचं. कंपनीची सूत्रं तेव्हा मुख्यतः अमेरिकनांच्या हातात होती, त्यामुळे लोकांच्या मनात आधीच अढी. आणि पोलादी नळाच्या मागणीचा हक्क ७ जूनपर्यंतच राखून ठेवलेला. तारीख हुकली की बांधकामाचा हंगाम गेला, म्हणजे वर्ष गेलं.

साइटवरच्या माणसाला ही तारीख लगेच कळते. मलाही कळते. पण हाऊंनी काय केलं? १४ मे १९५६ ला ठराव मांडला आणि त्याच भाषणात, चर्चा सुरूही झाली नसताना, चर्चा बंद करण्याची सूचना दिली. पुढे विधेयकाच्या प्रत्येक टप्प्यावर हेच हत्यार. सभागृह पेटलं. ३१ मे रोजी सभापती रेने बोदवाँ यांनी विरोधकांना बोलायला वाट मोकळी होईल अशी भूमिका घेतली आणि दुसऱ्या दिवशी, १ जूनला, ती फिरवली. कॅनडाच्या संसदेच्या इतिहासात तो दिवस ‘काळा शुक्रवार’ म्हणून ओळखला जातो. खासदार जागा सोडून सभापतींच्या आसनाकडे धावले. विधेयक मुदतीत मंजूर झालं, ७ जूनला कायदा झाला. पण अमेरिकेत पोलाद कामगारांचा संप झाला आणि नळ वेळेवर मिळालाच नाही. ज्या मुदतीसाठी संसदेचा गळा दाबला ती मुदत शेवटी निरर्थक ठरली. १९५८ मध्ये नळ पूर्ण झाला, कर्ज सव्याज परत आलं, वायू आजही वाहतो. प्रकल्प म्हणून हाऊ बरोबर होते, हे मी इंजिनिअर म्हणून म्हणतो. आणि तरी मतदाराच्या जागी असतो तर मी त्यांच्या विरोधात मत दिलं असतं.

लोक पाइपलाइनचंच बोलतात. मला मात्र गव्हाचा भाग जास्त लागतो. पन्नाशीच्या दशकात प्रेअरीत एकामागून एक भरघोस पिकं आली, जगात गिऱ्हाईक कमी. कोठारं तुडुंब. शेतकऱ्याच्या दारात गहू पडलेला, पण शेतकऱ्यांचा गहू विकणाऱ्या सरकारी गहू मंडळाकडे माल घालता येत नाही तोवर पैसा नाही. ऊस तुटून कारखान्यावर गेला तरी बिल जमा न झालेल्या आपल्या शेतकऱ्याची जी अवस्था होते, तीच. शेतकऱ्यांनी मागणी केली की पडून असलेल्या धान्यावर उचल द्या. सरकारने सांगितलं, बँकेकडून व्याजाने कर्ज घ्या. गहू मंडळ कोणाच्या खात्यात होतं? हाऊंच्या. ज्या माणसाने वादळात मोडलेलं सहकारी कोठार तोटा सोसून उभं केलं होतं, त्याला आता शेतकऱ्याची नड हिशोबातली गैरसोय वाटत होती. डीफेनबेकर यांनी रोख उचल देण्याचं वचन दिलं आणि सत्तेवर आल्यावर त्याच वर्षी तसा कायदा केला.

१० जून १९५७ ची निवडणूक. पोर्ट आर्थरमधून सलग पाच वेळा निवडून आलेले हाऊ, वय ७१. समोर सीसीएफ या समाजवादी पक्षाचे डग्लस फिशर, ३७ वर्षांचे शाळामास्तर. फिशर यांनी नव्याने आलेल्या टेलिव्हिजनवर घरच्या माणसासारखं बोलत प्रचार केला. हाऊ हरले. देशातही लिबरल १०५ आणि कॉन्झर्व्हेटिव्ह ११२ असा निकाल लागला आणि बावीस वर्षांची सत्ता गेली. हाऊंनी फिशर यांचं जाहीर अभिनंदन केलं. त्यानंतर काही कंपन्यांच्या संचालक मंडळांवर बसले, ज्या डलहौसीत शिकवलं होतं तिचे पहिले कुलपती झाले आणि ३१ डिसेंबर १९६० ला माँट्रियलमध्ये वारले.

अशी माणसं शेवटी का हरतात, याचं माझं उत्तर या सगळ्यात आहे. हाऊ पैशाच्या भानगडीने गेले नाहीत, अकार्यक्षम म्हणून तर मुळीच नाही. त्यांना गिऱ्हाईक एक आणि उद्दिष्ट एक असलं की तोड नव्हती. युद्धात तसंच होतं. शांततेच्या काळात देशाचं एकच उद्दिष्ट नसतं, आणि नळ कुठून जावा हा प्रश्न जितका खडकाचा असतो तितकाच मालकी कोणाची याचाही असतो. त्या दुसऱ्या प्रश्नाला ड्रॉइंगवर जागा नसते, म्हणून इंजिनिअर त्याला अडथळा समजतो.

आता तुमच्याविषयी. तुम्ही उभं राहावं की नाही हे मी सांगू शकत नाही, पण निर्णयाआधी एक गोष्ट जरूर करा. तुमच्या नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेला श्रोता म्हणून जाऊन बसा. ज्या दिवशी पाण्याच्या टाकीचा, ड्रेनेजचा, म्हणजे तुम्हाला बिनचूक उत्तर माहीत असलेला विषय असेल त्याच दिवशी जा. ज्यांना त्यातलं काही कळत नाही अशी माणसं तासभर बोलतील. त्यातल्या एखाद्या बाईने टाकी आमच्या वस्तीपासून लांब का, एवढंच विचारलं आणि तुम्हाला घरी येऊन नकाशा पुन्हा काढावासा वाटला, तर खुशाल अर्ज भरा. आणि सगळा वेळ घड्याळच पाहत बसलात, तर हाऊंनी बोलावलेल्या त्या एक डॉलरवाल्यांसारखं काम करा: कारखाना सांभाळून पालिकेच्या तांत्रिक समितीवर बसा, निविदांची छाननी करा, पाणीपुरवठ्याचा आराखडा तपासून द्या. तसल्या माणसाची प्रत्येक गावाला फार गरज आहे आणि त्यासाठी निवडून यावं लागत नाही.